फितूर साक्षीदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७३ या एकाच सालात अशा दोन गोष्टी घडल्या, की त्यांची नोंद एकाच पानावर शेजारीशेजारी केली, तर पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास वाचकाला अर्धाअधिक तिथेच उमगावा. डिसेंबर महिन्यात तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघाने, म्हणजे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने, विकारांच्या आपल्या अधिकृत यादीतून समलिंगी आकर्षणाचे नाव कमी केले. आणि त्याच वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेटचा पूल ओलांडून उत्तरेस गेले की लागणाऱ्या सॅन राफेल या गावी, एका चर्चच्या आश्रयाने 'लव्ह इन ॲक्शन' ही संस्था निघाली, जिने समलिंगी स्त्री-पुरुषांना येशूच्या कृपेने त्या आकर्षणातून सोडविण्याचे काम अंगावर घेतले. हा रोग नव्हे असे वैद्यांनी जाहीर करावे आणि त्याच वर्षी धर्मोपदेशकांनी त्यावर उपचार सुरू करावे, हा एक योगायोग म्हणता येईल. परंतु वैद्यकाने टाकून दिलेली परिभाषाच या धर्मोपदेशकांनी पुढे उचलली आणि ती वैद्यकाहून अधिक निष्ठेने सांभाळली, हा काही योगायोग नव्हे.

तोवर या प्रश्नाचे दोन वेगळे कारभार होते. चर्चच्या लेखी समलिंगी संबंध हे पाप होते, आणि पापाचा शिरस्ता ठरलेला होता: कबुली, पश्चात्ताप, आणि त्यानंतर जन्मभर मौन. वैद्यांच्या लेखी तो विकार होता, आणि त्यावरचे उपाय विकारापेक्षा भयंकर होते. रुग्णाला पुरुषांची चित्रे दाखवावी आणि त्याच वेळी दंडाला विजेचा झटका द्यावा किंवा ओकारीचे औषध पाजावे, म्हणजे मनाला त्या चित्राची शिसारी बसेल, अशी त्यामागची उपपत्ती होती. युटा संस्थानातल्या मॉर्मन पंथीयांच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात विजेचे हे प्रयोग १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होते, आणि १९७६ साली त्यांच्यावर एक प्रबंधही सादर झाला. सॅन राफेलच्या मंडळींनी झटका देणारे यंत्र आणले नाही. त्यांनी पाप आणि विकार हे दोन्ही कारभार एकत्र केले. माणूस पापीही आणि रोगीही, म्हणून त्याने पश्चात्तापही करावा आणि बरेही व्हावे. नुसत्या पाप्याला पश्चात्ताप पुरतो, नुसत्या रोग्याला दोष लागत नाही. पण दोन्ही एकदम असलेल्या माणसाला सुटायला वाट उरत नाही. जिला आज कन्व्हर्जन थेरपी म्हणतात, तिच्या धार्मिक शाखेचे सारे अनिष्ट या एका जोडणीत आहे, असे मला वाटते.

संस्थेचे आद्य पुरुष तिघे. फ्रँक वर्दन हा सॅन फ्रान्सिस्कोतला चाळिशी उलटलेला व्यापारी, अनेक वर्षे उघडपणे समलिंगी आयुष्य जगलेला. त्याला १९७३च्या मे महिन्यात ईश्वरी हाक ऐकू आली आणि त्याने ते आयुष्य सोडले. केंट फिलपॉट हा तरुण पाद्री. तिसरा जॉन एव्हान्स. वर्दनने आपल्या पालटाची हकीकत एका कॅसेटवर ध्वनिमुद्रित केली, आणि 'बर्कली बार्ब' नावाच्या एका बंडखोर साप्ताहिकात जाहिरात दिली, की या जीवनातून बाहेर पडू इच्छिणाऱ्याने पत्र पाठवून कॅसेट मागवावी. ज्या साप्ताहिकाच्या छोट्या जाहिरातींची पाने शय्यासोबतीच्या शोधांनी भरलेली असत, त्याच पानांवर ही जाहिरात येई. माल कोणाला खपेल हे त्या व्यापाऱ्याने बरोबर हेरले होते. पत्रे येऊ लागली. पत्र पाठवणारे बहुतेक भाविक घरांतले, स्वतःविषयी भेदरलेले आणि एकटे होते. त्यांच्या मनातले दुःख खरे होते, हे प्रथमच सांगून टाकले पाहिजे; या चळवळीला जी माणसे मिळाली ती फसवून आणलेली नव्हती, ती आपल्या पायांनी आली, आणि त्यांना आणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा हेतूही वाईट नव्हता.

कॅसेटवर जे होते त्याला आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींत साक्ष देणे म्हणतात: मी कसा होतो, प्रभूने मला कसे धरले आणि आज मी कसा आहे, हे चारचौघांत सांगणे. प्रकार जुना आणि सन्मान्य आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मवृत्त ज्यांनी वाचले असेल, त्यांना एका जातिवंत साक्षीचे वजन काय असते हे सांगायला नको. वर्षानुवर्षांची शंका, वाद, घरच्यांशी ताटातूट, हे सारे होऊन गेल्यावर, उतारवयात, घडलेल्या गोष्टीचा तो जबाब आहे. सॅन राफेलच्या साक्षी याच्या नेमक्या उलट क्रमाने दिल्या जात. आधी साक्ष, मग घटना. माणसाने मी बदललो असे आज म्हणावे, म्हणजे श्रद्धेच्या बळावर तो उद्या बदलेल. अजून आकर्षण वाटते असे म्हणणे म्हणजे अश्रद्धा दाखविणे. १९७५ साली फिलपॉटने अशा सहा जणांच्या हकीकती 'द थर्ड सेक्स?' या नावाने छापल्या, आणि पुढे त्या सहांपैकीच काहींनी आम्ही मुळीच बदललो नाही असे सांगायला सुरुवात केली. पुस्तक अखेर बाजारातून काढून घ्यावे लागले. चळवळीचा पहिला मुद्रित पुरावा असा तिच्याच साक्षीदारांनी खोडून काढला, आणि पुढे हेच पुनःपुन्हा घडणार होते.

१९७७ साली एव्हान्सच्या एका मित्राने आत्महत्या केली. हा मित्र संस्थेत होता, प्रार्थना करीत होता, अपयशी ठरत होता, आणि ज्या पापापासून आपली सुटका होत नाही ते वारंवार करून देवापुढे उभे राहण्यापेक्षा आधीच देवाकडे गेलेले बरे, अशा आशयाचे लिहून तो गेला. एव्हान्सने संस्था सोडली आणि उरलेले आयुष्य तो तिच्याविरुद्ध बोलत राहिला. संस्था चालू राहिली.

दरम्यान या एका घराचे मोठे बिऱ्हाड झाले होते. दक्षिण कॅलिफोर्नियात, ॲनाहाइम शहरी, डिस्नेलँडच्या समोर मेलडीलँड नावाचे एक प्रचंड ख्रिस्ती केंद्र होते. तिथे १९७६च्या सप्टेंबरात देशभरच्या अशा छोट्या मंडळांची परिषद भरली आणि तीतून 'एक्झोडस' ही मध्यवर्ती संघटना जन्मली. मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल लोक निघाले, तसे हे निर्गमन, असा त्या नावाचा अर्थ. संस्थापकांत मायकेल बसी नावाचा तरुण होता, आणि त्याच्याबरोबर काम करणारा गॅरी कूपर. दोघेही विवाहित होते, आणि गावोगावच्या चर्चांतून आपण बदललो अशी साक्ष देत हिंडत होते. १९७९ साली अशाच एका दौऱ्यात, इंडियानापोलिसला जाताना, आपले एकमेकांवर प्रेम आहे हे त्यांनी एकमेकांपाशी कबूल केले; दोघांनीही चळवळ सोडली, संसार मोडले, आणि १९८२ साली एकमेकांना जन्माची शपथ वाहिली. १९९१ साली कूपर एड्सने वारला. नाटककाराने असा प्रवेश लिहिला असता तर टीकाकारांनी तो कृत्रिम ठरविला असता. एक्झोडसने मात्र या प्रसंगातून एवढाच बोध घेतला, की ते दोघे फितूर झाले.

इथे उपपत्तीविषयी दोन शब्द लिहावे लागतात, कारण पुढच्या छळाचा नकाशा तिच्यातून निघाला. १९८३ साली एलिझाबेथ मोबर्ली या इंग्रज धर्मशास्त्रज्ञ बाईंनी असे मांडले, की पोटच्या मुलाला बापाकडून जे प्रेम मिळावयास हवे ते न मिळाल्यास ती उणीव पुढे पुरुषांविषयीच्या आकर्षणाचे रूप घेते. फ्रॉइडच्या पडत्या काळातले हे उसने भांडवल होते. परंतु धार्मिक मंडळांना ते फार सोयीचे पडले, कारण ईश्वराने असे माणूस घडविलेच कसे, हा अवघड प्रश्न त्यामुळे टळला. दोष ईश्वराकडून बापाकडे गेला. १९९२ साली मानसशास्त्रज्ञ जोसेफ निकोलोसी, मनोविश्लेषक चार्ल्स सोकॅरिडीस आणि बेंजामिन कॉफमन या तिघांनी 'नार्थ' ही संस्था काढून या मताला पांढरा डगला चढविला. चर्च रुग्ण पाठवी, डगलेवाले त्यांना शास्त्राचा आधार देत.

१९९४ साली लव्ह इन ॲक्शन टेनेसी संस्थानात मेंफिस येथे गेली. वर्दन सॅन राफेलमध्येच राहिला आणि संस्थेची सूत्रे जॉन स्मिड याच्याकडे होती. निवासी शिबिराची पद्धत कॅलिफोर्नियातच सुरू झाली होती, मेंफिसमध्ये तिला नियमावलीचे संपूर्ण रूप मिळाले. ती नियमावली पुढे चव्हाट्यावर आली, म्हणून तिच्याविषयी खात्रीने लिहिता येते. पुरुषांनी रोज दाढी करावी, कल्ले कानाच्या वरच्या भागाखाली उतरू देऊ नयेत. स्त्रियांनी पाय आणि काखा यांवरचे केस नियमाने काढावेत. केल्व्हिन क्लाइनसारख्या ठरावीक कंपन्यांचे कपडे वर्ज्य. बाहेर उतरलेल्यांची रोज सकाळी आल्याबरोबर पिशवी, पाकीट, फोन, वही यांची झडती. संगीत फक्त ख्रिस्ती, आणि बाख व बेथोव्हन हे ख्रिस्ती संगीतात मोडत नाहीत असा खुलासा. हा शेवटचा नियम वाचून मी थबकलो. आपल्या हस्तलिखितांच्या अखेरीस ईश्वराच्या गौरवार्थ अशी अक्षरे लिहिणाऱ्या त्या वृद्ध चर्चवादक बाखला मेंफिसच्या दारात अडवावे, आणि तेही त्याच्याच पंथबंधूंच्या धर्मात बसत नाही म्हणून! हावभाव, चालण्याची ढब, बोलण्याची लकब, स्त्रीने पुरुषी कपडे घालणे, पुरुषाने जास्त दागिने घालणे, एवढेच काय पण पुरुषाने फाजील पुरुषीपणा दाखविणे, या सर्वांना एकच नाव होते, 'खोटी प्रतिमा'. आणि तशी प्रतिमा दुसऱ्यात दिसली तर ती लगेच दाखवून देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य होते. म्हणजे पहारेकरी वेगळे नेमावे लागत नव्हते.

गॅरार्ड कॉन्ली हा आर्कान्सा संस्थानातल्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा २००४ साली एकोणीस वर्षांचा असताना तिथे गेला, आणि २०१६ साली 'बॉय इरेज्ड' या आत्मवृत्तात त्याने त्या दिवसांचा वृत्तान्त लिहिला. जमिनीवर मोठा पुठ्ठा पसरून रंगीत पेन्सिलींनी आपली वंशावळ काढायची, आणि प्रत्येक आप्ताच्या नावापुढे त्याच्या पापाची खूण करायची: दारुडा काका, जुगारी आजोबा, घटस्फोट, गर्भपात. कुळाच्या कुलंगड्यांतून आपली वाकडी वाट कशी निघाली ते मग उभे राहून सर्वांना समजावून द्यायचे. रात्री घरी, किंवा आई उतरली असेल त्या हॉटेलात, 'नैतिक झाडा' लिहायचा, म्हणजे आजवरच्या प्रत्येक पापी विचाराचा आणि प्रसंगाचा सविस्तर जबाब. आणि सकाळी तो मोठ्याने वाचून दाखवायचा. मद्यपींच्या सुटकेसाठी काढलेल्या बारा पायऱ्यांच्या योजनेतून हा झाडा उसना घेतलेला होता. मद्यपी जे सोडू पाहतो ते बाटलीत असते. या मुलांनी सोडावयाचे होते ते त्यांच्या प्रेम करण्याच्या शक्तीलाच चिकटलेले होते, हा फरक कोणी लक्षात घेतला नाही. कॉन्लीला एके दिवशी सर्वांसमक्ष बापावरचा राग ओकून दाखवायला सांगितले, आणि मला बापाचा राग येत नाही असे म्हणून तो उठला आणि बाहेर पडला. मोबर्लीबाईंची उपपत्ती खरी ठरण्यासाठी त्या मुलाला बापाचा द्वेष वाटणे आवश्यक होते. शिबिराचे पैसे त्याच बापाने भरले होते.

हानी कुठे होत होती, हे इथे नीट पाहिले पाहिजे. आपल्याकडच्या भोंदू वैद्याचे जसे औषध कधी चुकत नाही, रोग्याचे पथ्य चुकते, तसा या संस्थांचा न्याय होता. बदल झाला नाही, तर प्रार्थनेत कसूर, झाडा अपुरा, इच्छा मनापासूनची नाही, एखादे पाप लपवून ठेवले आहे. प्रत्येक अपयशाची नोंद त्या माणसाच्या नावे होई, उपायाच्या नावे कधीच नाही. त्यामुळे जो जितका श्रद्धाळू, तो तितका खचे. ढोंगी माणूस तोंडदेखली साक्ष देऊन महिन्या-दोन महिन्यांत सुटून जाई. प्रामाणिक माणूस वर्षानुवर्षे स्वतःविरुद्ध जबाब लिहीत बसे. दहा-दहा वर्षे अशी काढलेली माणसे पुढे सापडली. कित्येकांनी विवाह करून पाहिले, आणि त्या विवाहांतल्या बायकांची व मुलांची गणती कोणत्याही अहवालात नाही.

या दप्तरी कारभाराला राजकारणाचे वारे लागले ते १९९८ साली. त्या उन्हाळ्यात परंपरावादी ख्रिस्ती संघटनांनी 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉशिंग्टन पोस्ट' यांसारख्या पत्रांतून पानपानभर जाहिराती दिल्या. आशय एवढाच, की समलिंगी माणसे बदलू शकतात. बदलू शकतात असे ठरले, की त्यांना हक्क देण्याची निकड उरत नाही, हे उघड होते. जॉन पॉल्क आणि त्याची पत्नी, दोघेही एके काळी समलिंगी, 'न्यूजवीक'च्या मुखपृष्ठावर झळकली. दोन वर्षांनी पॉल्क वॉशिंग्टनच्या एका समलिंगी मद्यगृहात सापडला. लघुशंकेसाठी आत शिरलो होतो, अशी त्याची पहिली सबब होती. २०१३ साली त्याने जाहीर माफी मागितली.

परंतु या इतिहासातला सर्वांत विलक्षण साक्षीदार चर्चमधला नव्हता. डॉ. रॉबर्ट स्पिट्झर हा तोच माणूस, ज्याने १९७३ साली समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून काढण्याचा मसुदा तयार केला होता. समलिंगींच्या चळवळीत त्याचे नाव आदराने घेतले जाई. १९९९ साली आपल्या संघाच्या परिषदेबाहेर निदर्शने करणाऱ्या 'माजी समलिंगी' मंडळींशी तो बोलला, आणि प्रचलित मताला धक्का देण्याची जुनी हौस त्याच्यात पुन्हा जागी झाली. त्याने दोनशे माणसांच्या मुलाखती घेतल्या, टेलिफोनवरून, प्रत्येकी सुमारे पाऊण तासाच्या. आणि त्यांतले पुष्कळजण एक्झोडस व नार्थ यांच्याच मार्फत आलेले होते. अत्यंत तीव्र इच्छा असलेली काही माणसे बदलू शकतात, असा निष्कर्ष त्याने २००१ साली न्यू ऑर्लिन्सच्या परिषदेत मांडला आणि २००३ साली तो निबंधरूपाने छापून आला. धार्मिक संघटनांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. ज्याने दरवाजा उघडला होता तोच आता आपल्या बाजूने बोलतो आहे, याहून मोठा पुरावा कोणता? पण तो पुरावा म्हणजे तरी काय होता? दोनशे साक्षी, आणि साक्ष देणे हाच ज्यांचा धर्म, कित्येकांचा तर व्यवसायही, अशा माणसांच्या. माणूस स्वतःशी खोटे बोलतो की नाही हे टेलिफोनवर ओळखण्याचे साधन स्पिट्झरपाशी नव्हते, आणि हे त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच वेळी बजावले होते.

न्यू ऑर्लिन्सच्या परिषदेनंतर अकरा वर्षांनी, स्पिट्झरचे हात पार्किन्सनच्या व्याधीने थरथरू लागले असता, गॅब्रिएल अराना नावाचा एक तरुण पत्रकार त्याला भेटायला गेला. हा पत्रकार पौगंडावस्थेत निकोलोसीचा रुग्ण राहिलेला होता. आपला निबंध मागे घेण्याची इच्छा स्पिट्झरने त्याच्यापाशी बोलून दाखविली. आकडे बनावट नव्हते, त्यांचा अर्थ चुकला होता, आणि अशा चुकीसाठी निबंध मागे घेण्याचा नियतकालिकाचा रिवाज नव्हता. तेव्हा २०१२ साली स्पिट्झरने संपादकांना पत्र लिहून आपले अनुमान निराधार असल्याचे मान्य केले आणि ज्यांनी त्याच्या भरवशावर आयुष्याची वर्षे व्यर्थ घालविली त्यांची क्षमा मागितली. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या विद्वानाने असे पत्र लिहिणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल त्याला द्यावा तेवढा मान थोडा आहे. मात्र मधल्या नऊ वर्षांत त्या निबंधाच्या प्रती किती आईबापांच्या हाती पडल्या असतील, याचा हिशेब त्या पत्राने मिटत नाही.

मेंफिसचा बांध फुटला तो एका सोळा वर्षांच्या मुलामुळे. २००५च्या मे महिन्यात त्याने आईबापांना आपण समलिंगी असल्याचे सांगितले, त्यांनी त्याला संस्थेच्या मुलांसाठीच्या शिबिरात घालण्याचे ठरविले, आणि जाण्यापूर्वी त्याने ती नियमावली व आपली भीती इंटरनेटवरच्या आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवली. त्या जूनमध्ये संस्थेच्या दारासमोर रोज माणसे फलक घेऊन उभी राहू लागली. संस्थानच्या बालकल्याण खात्याने तपास केला, त्यात छळाचा पुरावा मिळाला नाही. मानसोपचार खात्याने मात्र परवाना नसताना औषधे ताब्यात ठेवून देता कशी, असा सवाल केला. संस्था धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन न्यायालयात गेली आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. धर्मसंस्था म्हणून परवाना नको आणि उपचारसंस्था म्हणून रुग्ण हवेत, ही दुहेरी सोय कायद्यालाही तेव्हा मोडता आली नाही.

दारासमोर उभ्या राहिलेल्यांशी बोलता बोलता संचालक स्मिड मात्र हलला. २००८ साली त्याने पद सोडले. २०११ साली त्याने लिहिले, की समलिंगी आकर्षणाचा पुरुष स्त्रियांविषयीच्या आकर्षणाकडे वळल्याचे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. बावीस वर्षे त्या संस्थेत काढलेल्या माणसाचा हा जबाब. २०१४ साली त्याने एका पुरुषाशी विवाह केला. एक्झोडसचा अध्यक्ष ॲलन चेंबर्स याने २०१२च्या जानेवारीत सांगून टाकले, की मला भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्के लोकांच्या आकर्षणात पालट झालेला नाही. आणि १९ जून २०१३ रोजी, वार्षिक परिषदेच्या पहिल्या दिवशी, झालेल्या इजेची माफी मागून त्याने सदतीस वर्षांची ती संघटना बरखास्त केली. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी आदल्या वर्षीच 'रिस्टोर्ड होप नेटवर्क' या नावाने नवी चूल मांडली होती. ती अजून पेटती आहे.

आकड्यांचे म्हणाल, तर ते उशिरा आले. २००९ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने तोवरचे सारे शोधनिबंध तपासून, या उपचारांनी पालट होण्याचा संभव नाही आणि खिन्नता व आत्मघाताचे विचार मात्र संभवतात, असा निर्वाळा दिला. २०१८ साली कॅटलिन रायन यांच्या पाहणीत आढळले, की ज्या तरुणांवर असा कोणताच प्रयत्न झाला नव्हता त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचे प्रमाण २२ टक्के होते. आईबापांनी प्रयत्न केले तिथे ते ४८ झाले. आणि आईबापांच्या जोडीला उपचारक किंवा धर्मगुरूही लागले तिथे ६३. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम्स इन्स्टिट्यूटने त्याच सुमारास अंदाज केला, की अमेरिकेतल्या सुमारे सात लाख प्रौढांनी कधी ना कधी हे उपचार भोगलेले आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांनी कोवळ्या वयात.

न्यायालयाने या धंद्याला धर्माच्या नव्हे, ग्राहकाच्या बाजूने पकडले, ही मला त्यातली चतुराई वाटते. न्यू जर्सीतल्या 'जोना' नावाच्या ज्यू संस्थेवर चार तरुणांनी व दोन मातांनी २०१२ साली फिर्याद गुदरली. समुपदेशकासमोर आरशापुढे उभे राहून अंगावरचे कपडे उतरविणे, आईची प्रतिमा समजून उशीला टेनिसच्या रॅकेटने बडविणे, अशा उपचारांची वर्णने साक्षीत आली. समलिंगी असणे हा विकार आहे असे सांगणारे तज्ज्ञ साक्षीदार न्यायाधीशांनी उभेच राहू दिले नाहीत. पृथ्वी सपाट आहे असे म्हणणारा तज्ज्ञ कसा मानावा, असा त्यांचा सवाल होता. २५ जून २०१५ रोजी पंचांनी एकमताने ग्राहकांच्या फसवणुकीचा दोष संस्थेवर ठेवला. संस्था बंद झाली, दुसऱ्या नावाने पुन्हा चालू झाली, आणि २०१९ साली न्यायालयाने तिला पस्तीस लाख डॉलर्सचा भुर्दंड बसवून कायमचे टाळे लावले.

आपल्याकडे ही गोष्ट कोणत्या तोंडाने सांगावी? एक तोंड अभिमानाचे आहे. बर्कलीच्या साप्ताहिकात जाहिरात येण्यापूर्वी चाळीस वर्षे, गिरगावातून 'समाजस्वास्थ्य' काढणाऱ्या र. धों. कर्व्यांकडेही अशीच भेदरलेली पत्रे येत, आणि ते त्यांना कॅसेट पाठवीत नसत, सरळ उत्तर देत. १९३४ साली अशा प्रश्नोत्तरांवरच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले आणि कोणी विचारले तर ज्ञान असणाऱ्याने उत्तर द्यावे, ही बाजू मांडली. कर्वे हरले आणि त्यांना दंड झाला.

दुसरे तोंड खाली घालण्याचे आहे. २०२० सालच्या मे महिन्यात केरळातली एकवीस वर्षांची एक विद्यार्थिनी गोव्यात मृतावस्थेत सापडली. दोन महिन्यांपूर्वीच तिने चित्रफितीत सांगितले होते, की घरच्यांनी मला बळजबरीने व्यसनमुक्ती व मनोरुग्ण केंद्रांत डांबले आणि औषधांनी मला बधिर करून टाकले. पुढच्या वर्षी मदुराईहून चेन्नईला पळून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर आले. या विषयातले आपले अज्ञान त्यांनी हुकूमनाम्यातच नमूद केले, निकालापूर्वी मानसशास्त्रज्ञाकडे वेळ मागून घेतली, आणि समुपदेशनासाठी न्यायमूर्ती स्वतः जाऊन बसले. ७ जून २०२१च्या हुकुमाने त्यांनी समलिंगी व्यक्तींना वैद्यकीय उपायांनी बरे करण्याच्या प्रयत्नांना मनाई केली, आणि त्याच खटल्याच्या ओघात २०२२च्या ऑगस्टात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सर्व राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविले. आयोगाचा अंमल नोंदणी झालेल्या डॉक्टरांपुरता चालतो. प्रार्थनेने, मंत्राने, दर्ग्यावरच्या दोऱ्याने किंवा आश्रमातल्या प्राणायामाने मुलगा नीट करून देतो म्हणणाऱ्यांची कोठे नोंदणीच नसते, आणि लग्न लावून दिले की सगळे सुरळीत होईल म्हणणाऱ्या मामा-मावश्यांची तर मुळीच नाही.